फळ्यावर न मावलेले शब्द

भाईंदर पूर्वेला, खाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बौद्धविहाराच्या भिंतीला एक काळा फळा टांगलेला होता. वर पत्र्याची वळचण, खाली खडू ठेवायला लाकडाची पट्टी आणि समोरच वस्तीचा नळ. पाणी यायच्या आधी बायका हंडे रांगेत लावून फळ्याकडे बघत बसायच्या, कारण बघण्यासारखं तिथे दुसरं काही नव्हतंच. रोज सकाळी त्या फळ्यावर बातम्या लिहायचं काम नागोराव सोनकांबळे करायचे. त्यांना कुणी नेमलं नव्हतं. अक्षर सुरेख होतं, एवढाच काय तो त्यांचा गुन्हा.

नागोराव नांदेडकडचे. दुष्काळात बायको वैजयंताला घेऊन मुंबईकडे निघाले आणि भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशवर लागले. दिवसभर वाट्या-पेले चकाकवायचे आणि स्वतः काळेठिक्कर होऊन घरी यायचं, असं ते काम. पण फळ्यापुढे उभं राहण्याआधी हा माणूस राखेने हात घासून घासून धुवायचा. त्यांच्या बापाने जन्मभर अंगठा उठवला होता आणि ते स्वतः शाळेत वर्गाच्या उंबऱ्याबाहेर बसून शिकले होते. त्यामुळे छापलेल्या अक्षरावर त्यांचा जो विश्वास होता, तो भल्याभल्या भक्तांचा देवावर नसेल. ज्या अक्षरापासून आपल्या माणसांना पिढ्यानपिढ्या हाकलून लावलं, ते अक्षर खोटं बोलेल, ही गोष्ट त्यांच्या डोक्यात शिरणं शक्यच नव्हतं.

सकाळी ते केशकर्तनालयातला एक आणि चहाच्या टपरीवरचा एक असे दोन पेपर उभ्या उभ्या वाचायचे आणि विहारापाशी येऊन लिहायला घ्यायचे. आता फळा तो केवढा! त्यात म्हाताऱ्यांना नळावरून दिसावं म्हणून अक्षर मोठं काढायचं. मग पेपरातली वीतभर बातमी दोन ओळींत बसवायची तर काहीतरी गाळावं लागणार. नागोराव काय गाळायचे? ‘असे समजते’, ‘असा संशय आहे’, ‘अधिकाऱ्यांनी दुजोरा दिलेला नाही’, ‘बहुधा’. त्यांना वाटायचं, हा भुसा आहे, दाणा तेवढा ठेवावा. पेपरवालेही मथळ्यात तेच करतात, मग आपण केलं तर काय बिघडलं, असाही त्यांचा हिशेब असावा.

बिघडत काहीच नव्हतं, हीच मोठी पंचाईत. एकदा पेपरात मथळा होता, ‘खाडीलगतच्या झोपड्यांवर हातोडा?’ फळ्यावर जागा नव्हती म्हणून प्रश्नचिन्ह गेलं आणि बातमीतल्या ‘बहुधा सोमवारी’मधलं नुसतं ‘सोमवारी’ आलं. सोमवारी अख्खी वस्ती भांडीकुंडी, गोधड्या, पोरंबाळं घेऊन रस्त्यावर बसली. कामं बुडाली, एका म्हातारीला उन्हाने भोवळ आली आणि संध्याकाळपर्यंत पालिकेचं कुणी फिरकलंसुद्धा नाही. आता तरी कुणी नागोरावांना जाब विचारेल की नाही? छे! नळाजवळच्या पहिल्या खोलीतली मंदा, जी सगळ्यांना फळा मोठ्याने वाचून दाखवायची, ती म्हणाली, “फळ्यावर आलं ना, म्हणून साहेब लोक टरकले. नाहीतर पाडलीच असती.” सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या दिवसापासून फळ्याचा मान आणखी वाढला. वस्तीत वाद मिटवायचा तर दोनच शब्द पुरायचे, ‘फळ्यावर आलंय.’

नागोरावांना एकच लेक, राजश्री. नव्वद साली तिला सुरतेला दिली. जावई धम्मदीप तिथे कापड रंगवायच्या कारखान्यात होता. हसरा, बोलका पोरगा, सासऱ्याची थट्टा करायचीही त्याला भीती वाटायची नाही. रंगाच्या वाफेने कायमचा जरा खोकायचा, तेवढंच. वस्तीत आला की आधी फळ्यापुढे उभा राहून म्हणायचा, “मामा, तुमचं अक्षर बघूनच बातमी खरी वाटते बरं का.” नागोरावांना ही स्तुती फार आवडायची. पुढे तेच वाक्य त्यांना जन्मभर सलत राहिलं. दोघांना एक मुलगी झाली, तिचं नाव संघप्रिया.

चौऱ्याण्णवचा सप्टेंबर. विहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन चालू होतं. आणि एका सकाळी दोन्ही पेपरांत एकच बातमी, सुरतेत प्लेग. मग तर रोज नवा आकडा. एक पेपर पन्नास म्हणायचा, दुसरा ‘शेकडो मृत्यूंची भीती’ म्हणायचा, आतल्या पानावर कुणी डॉक्टर लिहायचा की ताप, थंडी आणि खोकला आला की समजा. केमिस्टच्या दुकानांतून प्लेगवरचं टेट्रासायक्लिन गायब झालं. गाड्या भरभरून माणसं सुरतेहून पळत होती. नागोराव फळ्यापुढे आले, आणि त्यांची लेक तर तिथेच, सुरतेत होती. तरी अक्षर वळणदारच आलं:

‘सुरतेत प्लेग. शेकडो मेले. ताप, थंडी, खोकला म्हणजे प्लेगच. सुरतेहून येणाऱ्यांना वस्तीत घेऊ नका.’

‘भीती’ हा शब्द मावला नव्हता. शेवटचं वाक्य कुठल्याच पेपरात नव्हतं. ते नागोरावांनी स्वतःचं घातलं होतं, वस्तीच्या काळजीपोटी.

घरी वैजयंताने तोंडाला पदर लावला. “आपली लेक तिथंच हाय की हो. अन् तुमी हे काय लिवून आलाव?”

“मी फोन केलाय त्यांच्या वाण्याकडं. निरोप ठिवलाय, हलू नका म्हणून. ते कशाला येतील?”

निरोप पोचायच्या आधीच ती तिघं निघाली होती.

त्याच दिवशी नागोराव कामावरून परतले तेव्हा वस्तीच्या तोंडाशी माणसं गोळा झाली होती. नळाच्या अलीकडे मंदा आणि चार बायका, मागे बाप्ये, सगळ्यांच्या नाकाला फडकी. पलीकडे रस्त्याच्या कडेला राजश्री, तिच्या कडेवर पोर आणि ट्रंकेवर बसलेला धम्मदीप. उतरत्या उन्हातही तो अंगाभोवती चादर लपेटून कुडकुडत होता. कुणी आरडाओरडा करत नव्हतं. मंदाने नुसता फळ्याकडे हात केला.

“नागोराव, तुम्हीच लिहिलंय. आता तुम्हीच सांगा, घ्यायचं का?”

धम्मदीपने मान वर करून फळा वाचला आणि त्याही अवस्थेत हसला. “मामा, अक्षर मात्र एक नंबर.” मग म्हणाला, “मामा, हिवताप आहे हो हा. मला दर पावसाळ्यात येतो. आमच्याकडं डास किती, तुम्ही बघितलेत ना. कडू गोळी घेतली की उतरेल.” एवढं बोलून तो खोकला.

तो खोकला नसता तर, असं वैजयंता पुढे कितीदा म्हणाली. पण खरं सांगायचं तर तो नुसता शिंकला असता तरी तेच झालं असतं. नागोरावांनी डोक्यात मोजून टाकलं, ताप आहे, थंडी आहे, खोकला आहे. हाच जावई लग्नाच्या दिवशीसुद्धा असाच खोकत होता, हे त्यांना आठवलंच नाही. फळा पुसायचं ओलं फडकं त्यांच्या हाताशीच होतं. फळ्यावरची ती शेवटची ओळ पुसली असती तर वस्तीने कदाचित ऐकलंही असतं. पण लोकांची भीड पडली म्हणून त्यांनी पुसलं नाही, असं कुणी समजू नये. त्यांना ते खरंच वाटत होतं. आपण लिहिलेलं पहिल्याने आपल्यालाच खरं वाटतं, हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार?

मार्ग काढला पुंडलिकने. पुंडलिक नवघरचा जुना आगरी. बापजाद्यांची मिठागरं, थोडी भातशेती. नागोरावांशी त्याची चहाच्या टपरीवरची दोस्ती. तो म्हणाला, “माजं आगर मोकलंच हाय. पावसाचं मीठ न्हाय, मानूस न्हाय. तिकरं खोप हाय, तिथं राव दे यांना.” लोकांच्या जिवात जीव आला. डॉक्टरकडे न्यायचा विषय कुणीतरी काढला, तर दुसऱ्याने सांगितलं की डॉक्टर लगेच सरकारी गाडी बोलावतात आणि गेलेला माणूस परत येत नाही. हे कुणी पाहिलं होतं? कुणीच नाही. पण नागोरावांनाही ते पटलं.

खोप म्हणजे मिठावरच्या मजुरांची गवताने शाकारलेली झोपडी. चारी बाजूंना पावसाचं तुंबलेलं पाणी आणि डासांचे थवेच्या थवे. नागोराव रोज बांधावरून डबा घेऊन जायचे, नाकाला फडकं बांधून. डबा बांधावर ठेवायचे आणि मागे सरायचे. मग राजश्री येऊन तो उचलायची. बाप-लेकीत एवढं अंतर की बोलायचं तर ओरडावं लागायचं.

“बाबा, कडू गोळी आणा ना! ते सारखं तेच मागायलेत.”

“टेट्रासायक्लिन दिलंय ना मी? तेच चालू ठेव! पेपरात लिहिलंय, दुसरं काही द्यायचं नाही!”

“अहो पण हिवतापच आहे तो! मी बघितलाय ना दरवर्षी!”

“तुला काय कळतंय त्यातलं?”

टेट्रासायक्लिन त्यांनी मीरा रोडच्या एका दुकानातून चढ्या भावाने, हातापाया पडून मिळवलं होतं. जावयासाठी त्यांनी काही केलं नाही असं म्हणण्याची सोय नाही. जेवण सोडलं होतं त्यांनी, रोज विहारात बुद्धापुढे बसून डोळे पुसायचे. केमिस्टकडे ती कडू गोळी समोरच्या बरणीत पडलेली असायची, कुणीही मागावी आणि कुणालाही मिळावी अशी. ती तेवढी त्यांनी मागितली नाही.

एका सकाळी राजश्री बांधावर आलीच नाही. नागोराव लांबून हाका मारत उभे राहिले. पलीकडच्या बांधावरून पुंडलिक आला आणि सरळ खोपीत शिरला. बाहेर आला तो धम्मदीपला खांद्यावर टाकूनच. पोराचे डोळे पांढरे झाले होते आणि तो काहीबाही बरळत होता. पुंडलिकच्या तोंडावर ना फडकं ना काही.

“कसला पलेग न् कसला काय! मानूस मराला टेकलाय, न् तू तिकरं उबा? गारी आन!”

मिठाच्या गोणी वाहायच्या टेम्पोतून त्याला दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरने रक्त काचेवर घेतलं, आत गेला आणि थोड्या वेळाने बाहेर येऊन म्हणाला, “मलेरिया आहे. डोक्यात चढलाय.” नागोरावांनी त्याला पुन्हा विचारलं. त्याने पुन्हा तेच सांगितलं. “प्लेगबिग काही नाही हो. आणायला फार उशीर केलात. आधी आणलं असतं तर साध्या गोळ्यांवर उठून बसला असता.”

संध्याकाळी धम्मदीप गेला. राजश्री रडली नाही. ती बापाकडे बघत राहिली, आणि नागोराव भिंतीकडे.

स्मशानात मोजकी माणसं आली. घरचे, पुंडलिक आणि विहारातले दोन वयस्कर, तेही लांब उभे. पुण्यानुमोदनाच्या दिवशी वैजयंताने रीतीप्रमाणे स्वयंपाक केला. वस्तीला सांगणं गेलं होतं. पातेलंभर भात, वरण आणि वांग्या-बटाट्याची भाजी झाकून ठेवून ती दाराशी बसली. कुणी आलं नाही. संध्याकाळी पुंडलिक आला, जेवला, मागून घेऊन जेवला, आणि उरलेलं सगळं अन्न वैजयंताने आपल्या हाताने खाडीत सोडलं. भरलेलं पातेलं डोक्यावर घेऊन जाताना तिला सगळ्या वस्तीने पाहिलं आणि दारं लावून घेतली.

दुसऱ्या दिवशी नागोरावांनी हात घासून धुतले आणि फळ्यापुढे उभे राहिले. या खेपेला त्यांनी एकही शब्द गाळला नाही. मावावं म्हणून अक्षर बारीक काढलं: ‘माझे जावई धम्मदीप यांचा मृत्यू मलेरियाने झाला. डॉक्टरांनी रक्त तपासले. त्यांना प्लेग नव्हता. मी या फळ्यावर लिहिले ते चुकीचे होते. योग्य औषध वेळेवर न मिळाल्याने ते गेले.’

नळावरून कुणाला ते दिसेना. मंदा जवळ जाऊन वाचून आली आणि बायकांना म्हणाली, “जावयाचं आहे, मग असंच लिहिणार ना.” कुणी म्हणालं, सरकारने दाबलं असेल. कुणी म्हणालं, डॉक्टरला समजवलं असेल, नाहीतर वस्ती खाली करायला लावली असती. ज्या माणसाचं प्रश्नचिन्ह गळालेलं वाक्य ऐकून ही माणसं गोधड्या घेऊन उन्हात बसली होती, त्याच माणसाने पहिल्यांदा पुरं खरं लिहिलं तेव्हा एकालाही ते पटलं नाही. आणि का पटावं? पटलं असतं तर नाकाला फडकं बांधून रस्ता अडवून उभ्या राहिलेल्या प्रत्येकाला आरशात बघणं जड गेलं असतं.

नागोराव हट्टाला पेटले. बाकीचा फळा रोज पुसला जायचा, पण उजवीकडचा खालचा कोपरा त्यांनी त्या मजकुरासाठी राखून ठेवला. अक्षर फिकं झालं की पुन्हा गिरवायचे. जयंत्या आल्या, पावसाळे आले, निवडणुका आल्या, तो कोपरा तसाच. हळूहळू लोकांना तो दिसेनासा झाला, भिंतीवरचा डाग दिसेनासा होतो तसा. एरवीच्या बातम्यांत मात्र नागोराव आता ‘असे समजते’ आणि ‘बहुधा’ न चुकता लिहायचे. त्यामुळे बातम्या कंटाळवाण्या झाल्या. तोवर घरोघरी केबल आली होती आणि फळ्याकडे फक्त पाण्याची वेळ बघायला लोक वळायचे.

राजश्री माहेरीच राहिली. त्याच कारखान्यात भांडी कागदात गुंडाळून खोक्यात भरायच्या कामाला लागली. बापाशी कामापुरतं बोलायची. पण कधीतरी, कुणाला कळलंही नाही कधी, ती त्यांना पुन्हा ताट वाढून द्यायला लागली. मग रविवारी त्यांच्याजवळ बसायला लागली. नागोरावांच्या पायांना भेगा पडायच्या, त्यांना कोकमाचं तेल लावून द्यायला लागली. नागोरावांना वाटलं, लेकीने आपल्याला माफ केलं. त्याहून जास्त विचार करायचं धाडस त्यांना झालं नाही.

भाईंदरातच इंद्रलोक भागात नव्या इमारती उठत होत्या, त्या वर्षीची गोष्ट. संघप्रिया शाळेतून रडवेली होऊन आली. वर्गातल्या कुणीतरी तिला प्लेगवाली म्हटलं होतं. तिने दप्तर टाकलं आणि आजोबांना विचारलं, “माझे पप्पा कशाने गेले?”

नागोराव कधीपासून या प्रश्नाची वाट बघत होते. एका तरी माणसाला, निदान या पोरीला तरी, खरं सांगता येईल आणि ती ते मानेल. त्यांनी तिला जवळ घेतलं. “बाळ, तुझ्या पप्पांना हिवताप...”

“प्लेग,” स्टोव्हपाशी भाकरी थापत बसलेली राजश्री म्हणाली. तिचा हात थांबला नाही. “प्लेगनं गेले तुझे पप्पा. तेव्हा सुरतेत लई माणसं गेली. आजोबांनी आपल्या सगळ्यांना वाचवलं.”

नागोराव उठून उभे राहिले. “राजश्री, काय बोलायलीस? डॉक्टरनं रक्त बघितलं होतं. तू होतीस तिथं. तूच मला बांधावरून ओरडून सांगत होतीस, कडू गोळी...”

“त्या गर्दीत कुणाचं रक्त कुणाच्या नावानं बघितलं असेल, काय सांगावं.”

“अगं पण...”

तिने पोरीला पाण्याची कळशी देऊन नळावर पाठवलं. मग पिठाचे हात पदराला पुसत बापाकडे वळली. तिचा आवाज अगदी साधा होता.

“बाबा, हिवताप होता असं म्हटलं, तर मला या घरात एक घास गिळवत नाही. तुमच्या तोंडाकडं बघवत नाही. मी लई दिवस बघितलं करून. पोरीला घेऊन कुठं जाऊ मी? मग एक दिवस म्हटलं, प्लेगच असेल. फळ्यावर आलं होतंच की. त्या दिवशी मला झोप लागली.” तिने स्टोव्हची वात बारीक केली. “आता तुम्ही तेवढं राहू द्या. तो कोपरा रोज जाता-येता मला दिसतो.”

वैजयंता कोपऱ्यात तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. राजश्रीने तव्यावरची भाकरी उलटली आणि बापाला ताट घ्यायला सांगितलं. नागोराव जेवायला बसले. घास तोंडात फिरत राहिला, पण त्यांनी ताटात काही टाकलं नाही.

सकाळी त्यांनी नेहमीसारखे हात धुतले, फडकं ओलं केलं आणि विहारापाशी गेले. आधी वरच्या बातम्या पुसल्या. मग उजवीकडच्या कोपऱ्यावर फडकं ठेवलं. वर्षानुवर्षं गिरवलेला खडू लाकडात मुरला होता, सहजी निघेना. नखाने खरवडून, पुन्हा पाणी लावून त्यांनी तो काढला. धम्मदीपचं नाव सगळ्यात शेवटी गेलं. मग त्यांनी मोठ्या अक्षरात पाण्याची वेळ लिहिली.

नळावर हंडा लावून बसलेल्या मंदाचं लक्ष गेलं. केस पिकले तरी तिला फळा वाचायची सवय होती.

“काय हो नागोराव, कोपरा पुसलात?”

“हो,” नागोराव म्हणाले. “जागा पुरत नव्हती.”